परकोटाला काम द्या

मुंबईत चर्चगेट नावाचे स्टेशन आहे. तिथे रोज लाखो माणसे गाडीतून उतरतात आणि कामाला जातात. त्यांपैकी एखाद्याला थांबवून विचारा, "अहो, चर्चगेट हे तर स्टेशनाचे नाव झाले, पण ते गेट कुठे आहे?" तो बिचारा तुमच्याकडे पाहतच राहील, कारण गेट नाहीच मुळी. इंग्रजांनी बांधलेल्या मुंबईच्या किल्ल्याला तट होता, तटाला दरवाजे होते. १८६० नंतरच्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तो तट पाडून टाकण्यात आला. पाटी उरली, वस्तू गेली.

आमच्या चंद्रपुरात नेमके उलटे आहे. इथे जटपुरा गेट म्हटले की खरोखरीचा दगडी दरवाजा उभा आहे. त्याच्या पोटातून रिक्षा, सायकली, मोटारी आणि शाळेची पोरे दिवसभर ये-जा करतात. मात्र मान वर करून त्या दरवाज्याकडे कोणी पाहत नाही. पाहिलेच तर रागाने, कारण त्याच्यापाशी वाहने अडतात. मुंबईकराने गेट गमावले आणि नाव जपले. आपण गेट जपले खरे, पण ते कशासाठी उभे आहे याचा विसर पडू दिला. वाचकहो, या दुसऱ्या प्रकारच्या विसराविषयी मला आपल्याशी चार शब्द बोलायचे आहेत.

प्रथम ही वस्तू केवढी आहे ते पाहू. चंद्रपूरच्या जुन्या गावाभोवतीचा परकोट सुमारे ११ किलोमीटर लांबीचा आहे. उंची ठिकठिकाणी पंधरा ते वीस फूट, आणि बांधकाम इकडच्याच वालुकाश्माचे. उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा आणि पश्चिमेला बिनबा असे चार दरवाजे आहेत. शिवाय बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसाण अशा पाच खिडक्या. नावे ऐकताच त्या काळचे गाव डोळ्यांपुढे उभे राहते. मसाण खिडकीचे काम काय असेल, ते सांगायला इतिहासाचा प्राध्यापक लागत नाही!

पश्चिमेकडून इरई आणि पूर्वेकडून झरपट या दोन नद्या गावाला वळसा घालून दक्षिणेस एकमेकींना मिळतात. त्या दोन नद्यांच्या कुशीत हे गाव वसले. परकोट एवढा प्रशस्त बांधला होता की आतली बरीच जमीन रिकामी होती आणि तिच्यात शेती होत असे. १९०१ च्या शिरगणतीत चांद्याची लोकसंख्या सुमारे १८ हजार होती. २०११ मध्ये ती ३ लाख २० हजारांवर गेली. म्हणजे जे वस्त्र अंगाला सैल होत होते, त्याच्या शिवणी आता उसवू लागल्या. आजच्या तंट्याचे मूळ पुष्कळसे इथेच आहे.

हा कोट कसा झाला याची दंतकथा इकडे घरोघरी सांगतात. बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगावर फोड होते. शिकारीत तहान लागली म्हणून त्याने झरपटीच्या कोरड्या पात्रातल्या एका डबक्याचे पाणी प्याले, आणि पाहतो तर अंग साफ झालेले. तिथेच अंचलेश्वराचे देऊळ झाले. पुढे त्याच रानात एक विपरीत प्रकार घडला. राजाच्या कुत्र्याने सशाचा पाठलाग करायचा, तर ससाच कुत्र्यामागे धावू लागला! राणी मोठी चतुर. ती म्हणाली, या भूमीत काही तेज आहे, ससा जिथून धावला त्या रेषेवर कोट बांधा. कथा म्हणून ती गोड आहे आणि ती तशीच घ्यावी. इतिहास एवढेच म्हणेल की पंधराव्या शतकाच्या सुमारास राजधानी वर्धेच्या काठावरून, बल्लारपुराहून, इकडे आली, आणि एका राजाने आरंभलेले कोटाचे काम पुढच्या कित्येक पिढ्यांनी तडीस नेले. गंमत अशी की ज्यांना आपण अडाणी, रानातले लोक म्हणून नाके मुरडतो, त्या गोंडांनी हे शहर रेखले. दरवाज्यांवर हत्तीला दाबून उभा असलेला सिंह कोरलेला आहे. ते त्यांचे राजचिन्ह. जंगलच्या राजांनी दगडावर मारलेला तो शिक्काच म्हणा ना.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीस राणी हिराईने मारल्या गेलेल्या पतीची, बीरशहाची, समाधी अंचलेश्वराजवळ बांधली आणि महाकालीचे देऊळ नव्याने उभे केले. १७५१ साली चांद्याचे राज्य नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेले. मे १८१८ मध्ये कर्नल ॲडम्स तोफा घेऊन आला. कोटाला खिंडार पडले आणि चांदा पडले. १८५४ साली नागपूरचे राज्यच खालसा झाले. कोटाने ज्यासाठी जन्म घेतला होता ते काम त्या १८१८ च्या उन्हाळ्यात संपले. तेव्हापासून दोनशेहून अधिक वर्षे ही ११ किलोमीटरची भिंत बेकार आहे.

'बेकार' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. आपल्याकडे जुन्या वास्तूंविषयी बोलताना 'वारसा', 'वैभव', 'अस्मिता' असे मोठमोठे शब्द येतात. ते खोटे नाहीत. परंतु कोणती वास्तू वाचली आणि कोणती गेली याचा हिशेब मांडला, तर उत्तर निराळेच निघते. ज्या वास्तूला काही ना काही काम राहिले, ती टिकली.

हा हिशेब आपल्याच मुलखात मांडून पाहा. महाकालीचे देऊळ गजबजलेले आहे. चैत्रात नांदेडपासून आणि तेलंगणापासून भाविक पायी येतात, झरपटीच्या काठी उतरतात, पोतराजांचे आसूड वाजतात. त्या देवळाचा एक दगड सरकला तर दुसऱ्या दिवशी गावभर कळेल. गोंड राजांच्या राजवाड्याची गोष्ट याहून बोधप्रद आहे. इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. त्याच तुरुंगापाशी २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुराव शेडमाके या गोंड वीराला फाशी दिले. वाड्याचे नशीब फार कडू, पण त्याला काम होते म्हणून त्याच्या भिंती उभ्या राहिल्या. आता इकडे बल्लारपूरचा किल्ला पाहा. राजधानी हलली, काम गेले, आणि वर्धेकाठी पडक्या भिंती राहिल्या.

याच न्यायाने जरा जंगलात शिरू. १९८२ साली चांद्याच्या जुन्या जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्यातल्या आरमोरी तालुक्यात वैरागड आहे. अबुल फजलाने अकबराच्या काळी 'आईन-इ-अकबरी'त इथल्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद केली, एवढे त्याचे नाव होते. हिरे संपले, राजे गेले. आज तिथला किल्ला झाडीच्या ताब्यात आहे आणि खंदकाच्या काठी गुरे चरतात. त्याच जिल्ह्यात चामोर्शीजवळ वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची देवळे आहेत. वैरागडाहून ती कितीतरी जुनी, आणि पडझडही तिथे पुष्कळ झाली. पण महाशिवरात्रीला तिथे जत्रा भरते, म्हणून देवळाची दुरवस्था लोकांना टोचते, लोक तक्रार करतात, जाब विचारतात. वैरागडासाठी कोण भांडणार? माणसे नसली की वास्तू मरते ती मुकाट्याने मरते.

आणि माणसे फार झाली की? तेव्हाही मरते, पण ती गोंगाटात. चंद्रपूरच्या परकोटाचे दुखणे हे दुसऱ्या जातीचे आहे.

त्याची दुखणी तीन. पहिले झाडांचे. पाखरांच्या विष्ठेतून पिंपळाचे आणि वडाचे बी दगडाच्या सांध्यात पडते. पहिल्या पावसात रुजते, दुसऱ्यात मुळी धरते, आणि दहा वर्षांत ती मुळी पाचरीसारखी दगड फोडते. वरून फांदी तोडली तर मूळ अधिकच जाड होते. ते मुळासकट आणि तेही जपून काढावे लागते, नाहीतर मुळीबरोबर दगडही हाती येतो. त्यात पिंपळाला कुऱ्हाड लावायची म्हटले की मजूर हात जोडतो! दुसरे दुखणे आपल्या आडमुठ्या दुरुस्तीचे. जुने बांधकाम चुन्यातले आहे. चुना मऊ असतो, भिंतीत मुरलेले पाणी तो सांध्यातून बाहेर जाऊ देतो. सिमेंट दगडाहून कठीण. सिमेंटने सांधे बंद केले की पाणी आत कोंडते, ते मग दगडातून वाट काढते, येताना क्षार घेऊन येते, आणि वालुकाश्माचे पापुद्रे सुटू लागतात. वरवर भिंत गुळगुळीत दिसते, पण आतून ती खिळखिळी होत असते. तिसरे दुखणे सांगायला लाज वाटते. ज्या भिंतीच्या आडोशाला काही काम नाही, तिथे केरकचरा जातो आणि लोक आडोशालाच जातात.

या तिसऱ्या दुखण्यावर उपाय होऊ शकतो, हे गावातल्याच तरुणांनी दाखवून दिले. मार्च २०१७ पासून 'इको-प्रो' या चंद्रपूरच्या संस्थेचे कार्यकर्ते पहाटे फावडी आणि विळे घेऊन परकोटावर जाऊ लागले. एक दिवसाची साफसफाई आणि फोटो, एवढ्यावर ते थांबले नाहीत. शेकडो दिवस त्यांनी हे काम चालविले. झुडपे काढली, बुरूज मोकळे केले आणि मग लोकांना त्या वाटेने फिरवून आणले. फांजीवरून, म्हणजे तटावरच्या चालण्याच्या जागेवरून, आपले गाव कसे दिसते हे पुष्कळांनी जन्मात प्रथमच पाहिले. विचार करा, कोटाच्या सावलीत वाढलेला माणूस चाळिसाव्या वर्षी प्रथम कोटावर चढतो!

परंतु स्वयंसेवकांच्या घामाने सुटणार नाही असाही एक प्रश्न आहे, आणि तो कायद्याचा आहे. गेल्या साली माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन मी कोटाच्या कडेने चाललो होतो. एका घराच्या ओट्यावर एक वृद्ध बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मुलांनी वह्या काढलेल्या पाहून त्यांना वाटले, आम्ही कोणत्या तरी कचेरीचे. मी म्हटले, "मावशी, आम्ही कॉलेजातले. कोट पाहायला आलो." त्या म्हणाल्या, "पाहा ना गुरुजी. कोट सरकारचा, अन् ओल आमची. छपराची कौलं बदलाची म्हटलं त पयले कागद आणा म्हणतेत."

मुले हसली. मला हसू आले नाही, कारण बाईंनी तासाभराचे व्याख्यान एका वाक्यात सांगून टाकले होते.

कायदा काय म्हणतो ते सरळ सांगतो. परकोट हे केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या कायद्यात २०१० साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. त्यापुढच्या २०० मीटरांत ते परवानगीने करता येते. कायद्याचा हेतू चांगला, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण हे गणित रानातल्या एकट्या देवळाला जसे लागू पडते तसे ते वस्तीतल्या भिंतीला लागू पडत नाही. छोट्या देवळाभोवती १०० मीटरांचे वर्तुळ काढले तर सुमारे ३ हेक्टर जमीन अडते. तेच ११ किलोमीटरच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना १०० मीटर मोजा. २२० हेक्टर होतात! त्यापुढचे २०० मीटर धरले तर ६६० हेक्टर. या पट्ट्यात शेतीवाडी थोडी आणि माणसांची घरे फार. एका देवळासाठी एक पुजारी सांभाळावा लागतो, परकोटासाठी अख्खे गाव सांभाळावे लागते.

आता यातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १६ जून १९९२ च्या आधीपासून असलेल्या घराची डागडुजी करायला, अगदी १०० मीटरांच्या आतही, परवानगी मिळू शकते, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. प्रत्येक स्मारकासाठी त्याची परिस्थिती पाहून स्वतंत्र उपविधी करावेत, असेही तोच कायदा सांगतो. म्हणजे औषध कपाटात आहे. पण मावशींच्या हाती ते द्यायचे कोणी? अर्ज कुठे करायचा, सोबत काय जोडायचे, घर १९९२ च्या आधीचे हे सिद्ध कसे करायचे, हे त्यांना समजावून सांगणारा कोणी नाही. मग एक तर त्या गळक्या छपराखाली बसतात, नाहीतर त्यांचा मुलगा रातोरात बांधकाम उरकतो. पहिल्याने माणूस कोटावर रागावतो, दुसऱ्याने कोटाला धक्का बसतो. जिच्यामुळे घर गळते त्या भिंतीवर प्रेम करा, असे व्याख्यान देण्याचे धैर्य निदान मला तरी नाही.

मग करायचे काय? माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की परकोटाला पुन्हा काम द्यावे, आणि त्याच्या शेजाऱ्यांना त्या कामाचे भागीदार करावे.

पहिले काम चालण्याचे. इटलीत लुक्का नावाचे गाव आहे. त्याचा तट सुमारे ४ किलोमीटरचा. युद्धाचे दिवस सरल्यावर त्या लोकांनी तटावर झाडांच्या रांगा लावल्या आणि तिथे फिरण्याची वाट केली. आज म्हातारी माणसे, मुले, सायकलवाले तिथे सकाळ-संध्याकाळ असतात. जिथे रोज माणसे फिरतात तिथे कचरा टाकायला माणूस कचरतो. आपला कोट लुक्कापेक्षा लांब आहे. सगळा नाही तरी एका दरवाज्यापासून दुसऱ्या दरवाज्यापर्यंत अशी वाट झाली, तर बेवारस भिंतीला दर सकाळी हजार राखणदार मिळतील.

दुसरे काम पाण्याचे. इरई आणि झरपट फुगल्या म्हणजे पठाणपुऱ्याकडची सखल बाजू धोक्यात येते. जुलै २०२२ च्या पुरात नदीकाठच्या वस्त्यांनी पुन्हा हा अनुभव घेतला. नदी आणि घर यांच्यामध्ये उंच दगडी भिंत असणे म्हणजे काय, हे त्या भागातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. कोटातले भगदाड ही मग केवळ इतिहासाची जखम राहत नाही. पुराच्या दृष्टीनेही कोटाची पाहणी व्हावी आणि त्याच्या दुरुस्तीचा विचार त्या बाजूनेही व्हावा.

तिसरे काम हातांना काम देण्याचे. चुना भिजवून मुरवणे, घाणीत मळणे, दगड घडून सांध्यात बसवणे, हे आज थोड्या गवंड्यांना येते. ११ किलोमीटरची भिंत म्हणजे अशा गवंड्यांची कित्येक वर्षांची शाळा आहे. परकोटालगत राहणाऱ्या तरुणांनाच तिथे शिकवले, तर भिंत दुरुस्त होईल आणि तिच्या शेजारची चूलही पेटेल. गडचिरोलीला २०११ साली गोंडवाना विद्यापीठ झाले आहे. ज्या राजांच्या मुलखाचे नाव त्याने घेतले, त्यांच्या वास्तूंची मोजणी आणि नोंद त्या भागातल्या विद्यार्थ्यांनी करावी, यापरते उचित काय?

आणि चौथे काम आपल्या नगरपालिकेच्या वारसदारांचे. चंद्रपूरला नगरपालिका १८६७ साली झाली, २०११ साली तिची महानगरपालिका झाली. शहरात दर आठवड्याला एक दिवस, एक टेबल, एक जाणता कारकून, एवढे पुरे. परकोटालगतच्या माणसाचा अर्ज त्याने लिहून द्यावा आणि त्याचा पाठपुरावा करावा. कोटाच्या रक्षणासाठी सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत गुणकारी उपाय कोणता असे मला कोणी विचारले, तर मी ते टेबल दाखवीन.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? व्हिएन्नाच्या बादशहाने १८५७ साली तट पाडायचा हुकूम सोडला आणि त्या जागी देखणा रस्ता झालाच ना? झाला. मुंबईचेही काही अडले नाही. जटपुऱ्याजवळची गर्दी मलाही रोज भेटते, कॉलेजात उशीर मलाही होतो. पण गर्दीचा उपाय वाहतुकीत शोधावा, दरवाज्यात शोधू नये. रस्ता वळवता येतो, एकेरी करता येतो, उद्या चुकला तर परवा बदलताही येतो. पाडलेला दरवाजा मात्र परत बांधता येत नाही. बांधला तरी तो नाटकातला पडदा होईल. शिवाय व्हिएन्नाजवळ मागे ठेवण्यासारखे राजवाडे पुष्कळ होते. गोंडांच्या राज्याचे आपल्याजवळ काय उरले? लिहिलेली बखर नाही, दप्तरे नाहीत. त्यांनी जे लिहिले ते दगडावर. ही ११ किलोमीटरची ओळ पुसली, तर या जंगलच्या मुलखात एकेकाळी राज्य होते, शहर होते, हे पुढच्या पिढीला कशाच्या आधाराने सांगायचे?

असो. आपण चंद्रपूरचे असाल तर उद्या कामाला जाताना जटपुऱ्यापाशी क्षणभर मान वर करा आणि हत्तीवरचा तो सिंह पाहा. बरोबर मूल असेल तर त्यालाही दाखवा. आणि कोटाशेजारी कोणी ओळखीचे राहत असेल तर त्यांच्या घरी जाऊन विचारा, छप्पर गळते का म्हणून. मी त्या मावशींकडे पुन्हा गेलो होतो. अर्ज आम्ही लिहून दिला आहे. उत्तर अजून यायचे आहे, आणि पावसाळाही.